सरहानच्या छातीएवढा गहू

नौफाचा हात आधी चालायचा आणि तोंड मागून. कुणी तिच्या मेंढीला दगड मारला की ती मारणाऱ्याच्या पाठीत काठी घालायची आणि मग विचारायची, तू कुणाचा रे. करक शहराच्या पूर्वेला, जिथं शेतं संपतात आणि नुसता गोट्यांचा माळ सुरू होतो, तिथं आमचे बारा तंबू असायचे. त्या बारा तंबूंत नौफाच्या वाटेला जायची कुणाची टाप नव्हती.

हीच बाई नवऱ्याचा मार मात्र मुकाट खायची. घुदय्यान तिला तंबूच्या खुंट्यानं, उंटाच्या दोरानं, हाताला येईल त्यानं बडवायचा. मूल होत नव्हतं, एवढं कारण त्याला पुरायचं. आमच्या भिंती म्हणजे बकरीच्या केसांचं कापड. त्यातून काय लपणार? पण पुरुष कॉफीचा घोट घेत मेंढरांच्या रोगांवर बोलत राहायचे आणि बायका जात्याला जरा जास्त जोर लावायच्या.

कुत्र्याचं पिल्लू सरहान त्या तंबूत आला तो मुठीएवढा. नौफानंच लोकर कातायच्या कात्रीनं त्याचे कान मुळापासून कापले, निखाऱ्यावर भाजले आणि त्यालाच खाऊ घातले. असं केलं की कुत्रं तिखट निघतं आणि लांडग्याला धरायला कान उरत नाहीत. नंतर ती सांगायची की पिल्लानं हूं की चूं केलं नाही. साफ खोटं. त्यानं केकाटून बाराही तंबू डोक्यावर घेतले होते. पण तिखट निघाला हे खरं. दुसऱ्याच हिवाळ्यात त्यानं एका लांडगीचा गळा असा फाडला की तिचं मुंडकं नुसत्या कातड्यावर लोंबत होतं.

त्याच हिवाळ्यात एका दुपारी घुदय्याननं बायकोवर खुंटा उचलला. एकदा मारला, दुसऱ्यांदा मारला. तिसऱ्यांदा हात वर गेला तो खाली आलाच नाही, कारण मनगटाच्या वर सरहानचे दात हाडापर्यंत रुतले होते. कुत्रा गुरगुरला नाही, झटके दिले नाहीत. खुंटा खाली पडेपर्यंत त्यानं हात धरून ठेवला आणि मग सोडला. घुदय्याननं त्याला गोळी घातली नाही. लांडगे मारणारं कुत्रं बायकोहून दुर्मीळ, असा त्याचा हिशेब असावा. लोकांना त्यानं सांगितलं की लांडगा चावला. त्यानंतर सरहान जवळ असताना त्यानं नौफाला कधी हात लावला नाही, आणि सरहान कायम जवळच असायचा. चार वर्षांनी घुदय्यान छातीच्या दुखण्यानं गेला.

तिला मूलबाळ नाही म्हणताच धाकटा दीर फंदी हक्क सांगत आला. साठ मेंढ्या भावाच्या, म्हणून आता आपल्या. वहिनीला हवं असेल तर तिनंही मेंढ्यांच्या मागोमाग आपल्या तंबूत यावं, असंही त्यानं मोठ्या मनानं कळवलं. नौफानं निरोप्याला काठीनं हाकलला. मग एका सकाळी फंदी स्वतःच बंदूक घेऊन आला आणि तंबूमागच्या मेंढ्या हाकायला लागला. सरहान उठून तंबूच्या दोरांच्या पुढ्यात उभा राहिला, नुसता उभा. फंदीनं दहा पावलांवरून त्याच्या छातीत गोळी घातली.

नौफा ताक घुसळत होती. ती बाहेर आली ती खुंटा उपटूनच. पहिल्या तडाख्यात फंदीचं मनगट मोडलं, दुसरा त्याच्या जबड्यावर बसला, आणि तो दात थुंकत पळाला नसता तर तिसऱ्यात मेला असता. मेंढ्या जागेवर राहिल्या. सरहानला मरायला बराच वेळ लागला. प्रत्येक श्वासाला छातीतून रक्ताचा फेस यायचा. नौफा तो तळहातानं दाबत होती, जणू मशकीचं भोक बुजवतेय. दिवस कलला तेव्हा तिनं त्याला नवऱ्याच्या चांगल्या झग्यात गुंडाळलं आणि टेकाडापलीकडे पुरलं. कुत्र्याला कफन दिलं म्हणून बायका तोंडाला पदर लावून हसल्या. तिनं ऐकलं आणि ती माती लोटत राहिली.

आमच्याकडे कुत्र्याच्या खुनाला कायदा आहे, आणि तो कुठल्या कचेरीत लिहिलेला नाही. राखण करताना मारलेल्या कुत्र्याला शेपटीनं टांगायचं, नाक जमिनीला टेकेल असं. मारणाऱ्यानं त्याच्यावर गहू ओतत राहायचं, शेपटीचं टोक दिसेनासं होईपर्यंत. चावऱ्या कुत्र्याला मात्र काही नाही. यात नौफाचं सगळंच पणाला लागलं होतं. फंदीवर गहू भरायची पाळी आली तर तो दरोडेखोर म्हणून आला होता हे ठरणार, आणि दरोडेखोराचा कळपावर हक्क राहत नाही. कुत्रा चावरा ठरला तर मेंढ्या त्याच्या, आणि मेंढ्यांवाचून ती जगणार कशावर?

तिसऱ्या दिवशी निवाडा करायला म्हातारा मुफलिह आला. मोडलेलं मनगट आणि पडलेले दात त्यानं बाईच्या तंबूवर चालून जाण्याच्या गुन्ह्यात वळते केले आणि पुढे विचारलं. फंदीनं सुजलेल्या तोंडानं सांगितलं, "काका, कुत्रा चावरा होता. माझ्या भावाचा हात त्यानंच फोडला होता, लांडग्यानं नव्हे. भावानं मला मरताना सांगितलं. जो धन्यालाच चावतो त्याची कसली भरपाई?"

मुफलिहनं नौफाकडे पाहिलं. "खरं का हे, पोरी?"

खोटं बोलणं सोपं होतं. लांडगा तर नवऱ्यानंच पुढे केला होता, आणि मेलेला माणूस साक्षीला येत नाही. पण नाही म्हटलं तर सरहानचं ते काम आपणच पुसून टाकतो, असं तिला वाटलं. आणि खरं बोलायचं म्हणजे पुरुषांच्या भरल्या बैठकीत स्वतःचा मार उघडा करायचा.

"चावला," ती फंदीकडे वळून म्हणाली. "तुझा भाऊ मला खुंट्यानं मारत होता. माझी दोन बोटं मोडली, मग चावला."

"पण बाई, तंबूचा धनी तुझा नवरा. धन्यावर धावला, तर राखण कुणाची केली?" मुफलिहनं विचारलं.

"तंबू कुणी विणला, काका? सात वर्षं केस कातून, पिळून, मी विणला. तो त्यात झोपायला यायचा."

कुणीतरी हसलं. मुफलिहनं बसलेल्यांना विचारलं की घुदय्यान हिला मारायचा, हे खोटं आहे असं कुणी म्हणतं का. त्यानं तीनदा विचारलं. बारा तंबूंचे पुरुष आपापल्या पायांकडे बघत राहिले.

"मग कुत्रा राखण करत होता," म्हातारा म्हणाला. "तेव्हाही आणि परवाही."

फंदी हसला. "मग आणा की कुत्रा. मोजायला कुत्रा लागतो. हिनं तर त्याला नवरदेवासारखं सजवून पुरलाय."

त्याला वाटलं, ही कसली उकरते. नौफा उठली, फावडं घेतलं आणि टेकाडापलीकडे गेली. उन्हाळ्याचे दिवस होते, त्यात पुरून तीन दिवस झालेले. ती गाढवावर झगा आडवा टाकून परत आली तेव्हा माश्यांचा ढग तिच्याबरोबर आला आणि पुरुषांनी डोक्याची फडकी नाकाला लावली. पोट फुगलं होतं, डोळ्यांच्या जागी काही उरलं नव्हतं. हात लावायला कुणी पुढे येईना. तिनंच तंबूच्या तीन काठ्यांचं तिकाटणं उभं केलं, शेपटीला दोर बांधला आणि आपल्या लाडक्याला खाटकाच्या दुकानातल्या बकऱ्यासारखं उलटं टांगलं. त्या वेळी तिचं तोंड बघवत नव्हतं.

फंदीनं पाच पोती आणली होती. पाचही ओतली. पण गहू उभा राहत नाही, पसरतो. पाच पोत्यांत डोकं आणि मान तेवढी झाकली. फंदीला घाम फुटला, कारण त्याच्याकडे सहावं पोतं नव्हतं.

अशा वेळी थोर माणसं उठून थोडी थोडी भरपाई सोडवून घेतात, ही रीत आहे. मुफलिह म्हणाला, अल्लाखातर शेपटी सोड. नौफानं सोडली. पैगंबराखातर मागचे पाय सोड, म्हणून दुसरा उठला. तेही तिनं सोडले. आलेल्या पाहुण्यांखातर पोट सोडलं. उरली छाती, गोळी लागली होती ती. मग शेजारचा शलाश उठला आणि दाढीवर हात ठेवून म्हणाला, शेजाऱ्यांच्या शब्दाखातर तेवढी छाती सोड आणि हे संपव.

"शलाश," नौफा म्हणाली, "तुझ्या तंबूचे दोर माझ्या दोरांवरून जातात. मी ओरडले की तू मोठ्यानं खोकायचास. या मुक्या जिवाला खोकता येत नव्हतं. अल्लाखातर सोडलं, पाहुण्यांखातर सोडलं. शेजाऱ्यांसाठी माझ्याकडे काही नाही."

फंदी चिडून म्हणाला की मग कुत्रा असाच कुजत लोंबू दे, आपण यापुढे एक दाणाही देणार नाही. शलाश तंबूत गेला, बायकोशी काहीतरी बोलला आणि खांद्यावर पोतं घेऊन आला. कुणाकडे न बघता त्यानं ते ओतलं. त्याच्यामागून दुसरा उठला, मग तिसरा. कुणी पोतं आणलं, कुणी अर्धं, एका म्हाताऱ्यानं तर दळायला काढलेलं सूपभर आणलं. त्या वर्षी कुणाच्याच घरी गहू उतू जात नव्हता. शेवटचं पोतं रिकामं झालं तेव्हा गहू छातीवरून वर चढला आणि जखम दाण्यांखाली गेली.

तेव्हा नौफा त्या ढिगाशी बसली. कर्त्या पुरुषासाठी बायका जसा टाहो फोडतात तसा तिनं फोडला, गालांवर नखं ओढून रक्त काढलं, आणि मधेच थांबून बाराही तंबूंकडे वळून म्हणाली, "आता ऐका." तिचं रडून होईपर्यंत भर उन्हात एकही पुरुष जागचा हलला नाही.