कवितेला पंधरा जण

इंजिनिअरिंग कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या बाईला किस्से शोधत फिरावं लागत नाही. जुलैमध्ये टेबल टाकून बसलं की ते आपणहून रांगेत येतात, हातात फॉर्म घेऊन. मी मूळची नागपूरची, आता नऊ वर्षं बेंगळुरूत, येलहंकाजवळच्या एका कॉलेजात आहे. एवढ्या वर्षांत माझ्याकडे इन्क्रिमेंटपेक्षा किस्सेच जास्त जमलेत.

आमच्याकडे नियम असा की ब्रँच कुठलीही असो, पदवी हवी तर इंग्रजीचं एक इलेक्टिव्ह घ्यायचंच. पर्याय तीन: कविता, नाटक आणि ऑफिसातल्या ईमेल. कविता माझी. यंदाही वरून हुकूम आला, शुक्रवारी चारपर्यंत पंधरा नावं आली नाहीत तर कविता बंद. म्हणजे सलग तिसऱ्या वर्षी मी ईमेल शिकवणार. दोन वर्षं ते शिकवून माझी गत अशी झालीय की नवऱ्यालासुद्धा मी 'काइंडली दूध आणावे' असा मेसेज टाकते. त्यामुळे पंधरा नावं मला हवीच होती, कशीही.

*

सोमवारी पहिलं गिऱ्हाईक आलं मेकॅनिकलचं. वर्कशॉपमधून थेट, हात काळे. तिन्ही विषयांची पुस्तकं टेबलावर मांडलेली होती. त्यानं खिशातून व्हर्नियर कॅलिपर काढला आणि एकेका पुस्तकाची जाडी मोजली.

"कविता अकरा मिलिमीटर. हेच द्या, मॅडम."

कारण काही का असेना, एक नाव झालं. बुधवारी तो कॉरिडॉरमध्ये भेटला, पुस्तक काखेत. मी विचारलं, "कसं वाटतंय?"

"माप बरोबर होतं, मॅडम," तो म्हणाला. "पण दोन दिवस झाले, अजून अर्ध्या मिलिमीटरवरच आहे."

*

फॉर्मवर एक रकाना असतो: हा विषय का निवडला? मंगळवारी कॉम्प्युटर ब्रँचचे सात फॉर्म एकदम आले. पहिल्यात लिहिलं होतं, 'लहानपणी आजोबा मला गच्चीवर बसवून इंग्रजी कविता वाचून दाखवायचे. ते गेल्यावर ती वही माझ्याकडे आली.' माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. दुसऱ्या फॉर्मातही आजोबा होते, गच्ची होती, वही होती. चौथ्या फॉर्मापर्यंत पाणी आटलं आणि व्हॉट्सॲप ग्रुप लक्षात आला.

सातही जणांना बोलावलं. "एकाच आजोबांची तुम्ही सात नातवंडं?"

मागून एक आवाज आला, "जॉइंट फॅमिली, मॅडम."

सातही नावं मी ठेवून घेतली. गरज माझी होती.

*

बुधवारी एक वडील आले. पुण्याचे, आयटीत मॅनेजर, राहायला बेळ्ळंदूरला. तिथून ट्रॅफिकमधून येलहंकापर्यंत यायला त्यांना अडीच तास लागले होते आणि ते चेहऱ्यावर दिसत होतं. सोबत मुलगी ईशा. त्यांनी लॅपटॉप उघडला. तिन्ही इलेक्टिव्हची शीट केलेली, प्लेसमेंटला किती उपयोग, मार्कांची शक्यता किती, प्रत्येकाला वेटेज. उत्तर आलं होतं: ईमेल.

मराठी ऐकून मी त्यांना चहा पाजला आणि कवितेची बाजू मांडली. ते ऐकून घेत होते, पण नजर शीटवरून हलेना. तेवढ्यात ईशा म्हणाली, "बाबा, मी कालच ऑनलाइन कविता भरलीय."

"अगं, मग मला सांगायचं नाही?"

"तुम्ही शीटवर कॉमेंट्स बंद ठेवल्या होत्या."

तिच्यामागोमाग तिच्या चार मैत्रिणी आल्या. तेरा झाले.

*

नाटक शिकवतात शिंदे सर. त्यांचं घराणं कितीतरी पिढ्या बेंगळुरूतच. घरी मराठी, पण त्यात कन्नड इतकं मुरलंय की कुठलं कुठून सुरू होतं हे त्यांनाही सांगता येणार नाही. मला ते अक्का म्हणतात.

गुरुवारी सकाळी म्हणाले, "अक्का, माझ्याकडे तीन पोरं आहेत. स्टेज म्हटलं की लटपटतात. स्वल्प ॲडजस्ट करा, तुमच्यात घ्या."

शिंदे सर फुकट काही देत नाहीत, हे मला माहीत आहे. "बदल्यात काय?"

"माझ्या वार्षिक नाटकाला पहिल्या रांगेत बसायचं. शेवटपर्यंत."

गेल्या वर्षीचं नाटक मी पाहिलेलं होतं. म्हटलं, "मध्यंतरापर्यंत."

"सरी, चालेल," ते म्हणाले. "मग एकच पोरगं देतो."

मी शेवटपर्यंत बसायचं कबूल केलं. सोळा झाले, आणि त्या दिवशी मी कँटीनमध्ये सगळ्यांना कॉफी पाजली.

*

शुक्रवारी सकाळी टाइमटेबल लागलं. कविता: शनिवार, दुपारी तीन ते पाच. जेवणाच्या सुट्टीपर्यंत दोघांनी नाव काढून घेतलं. मी विभागप्रमुखांकडे जाऊन भांडले, ते म्हणाले दुसऱ्या कुठल्याच वेळी खोली रिकामी नाही. चौदा नावं घेऊन मी टेबलाशी बसले. खरं सांगते, फार वाईट वाटत होतं. माझ्या विषयाची किंमत एका नावानं कमी पडली होती.

साडेतीनला एक मुलगी आली. इलेक्ट्रॉनिक्सची पूर्णिमा, चिकपेटला वडिलांचं साड्यांचं दुकान. फॉर्म अजून कोरा.

"मॅडम, कविता शनिवारीच असते ना? बदलणार नाही ना?"

मी खोटं बोलू शकले असते. पण म्हटलं, "शनिवारीच. सेमिस्टरभर."

"हजेरी?"

"पंचाहत्तर टक्के. कमी भरली तर परीक्षेला बसता येत नाही आणि पदवी अडते."

तिनं तिथंच उभ्या उभ्या फॉर्म भरला. म्हणाली, "हे सगळं कॉलेजच्या कागदावर लिहून द्याल? अप्पांना दाखवायचंय."

"शनिवारी दुकानात मदत लागते का?"

"नाही. रविवारी दुकानात लग्नाच्या साड्यांची गर्दी, म्हणून मला बघायला येणाऱ्यांना अप्पा शनिवारी दुपारी बोलावतात. मार्चपासून नऊ आले." मग म्हणाली, "पदवी अडते म्हटलं की अप्पा स्वतः सोडायला येतील."

मी लिहून दिलं. त्यातलं अक्षरन् अक्षर खरं होतं. तिनं ते दोनदा वाचलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि दारापर्यंत जाऊन वळली.

"मॅडम, पुढच्या सेमिस्टरला याचा दुसरा भाग असतो का?"

चारला पाच मिनिटं कमी असताना मी पंधरा नावांची यादी विभागप्रमुखांच्या टेबलावर ठेवली. त्याखाली आणखी एक अर्ज होता: 'कविता, भाग दोन'. त्यांनी तो वाचला आणि चष्मा काढला.

"मघाशी तुम्हीच भांडून गेलात ना? मग परत शनिवारच का मागताय?"

"सर," मी म्हटलं, "कवितेला निवांत वेळ लागतो."