परीटघडीचा हमाल

घोळ भाच्याने घातला, आणि तोही इस्त्रीने. बंदूक, बॉम्ब असलं काही बिचाऱ्याच्या हाती कधी आलंच नाही. हातात होती ती मावशीच्या धुलाईघरातली चार किलोची इस्त्री, आणि तेवढ्यावर त्याने एका माणसाला मरणाच्या दारापर्यंत नेऊन सोडलं.

मावशीचं धुलाईघर पुलापासून दोनशे पावलांवर. तीस वर्षांत गिऱ्हाइकाचा रुमालसुद्धा हरवला नाही, हा तिचा तोरा. प्रत्येकाची खूण ठरलेली, कपड्याच्या आतून रंगीत दोऱ्याचे तीन टाके. गाव शत्रूच्या ताब्यात गेलं, तसे त्यांच्या अधिकाऱ्यांचे सदरेही येऊ लागले. मावशी तेही तसेच धुवायची. "यांच्या काखाही आपल्यासारख्याच घामेजतात हो," एवढंच म्हणायची.

वर, कपडे वाळवायच्या माळ्यावर, ओल्या चादरींच्या आड अकरा दिवस एक पाहुणा होता. छावणीतून पळालेला सैनिक. आपल्या बाजूचा, पण आपली भाषा न येणारा. अशाला आसरा देणाऱ्याला त्याच्याच दारात गोळी घालू, असा कागद मावशीच्याच भिंतीवर डकवलेला होता. खाली शत्रूचा शिपाई गठ्ठा घेऊन आला की वर पाहुणा श्वास धरायचा, आणि खाली भाचा उगाचच इस्त्री जोराजोरात आपटायचा.

बेत साधा होता. बाराच्या भोंग्याला कोळशाचे हमाल पूल ओलांडतात, त्यांच्यात मिसळून जायचं. पलीकडे नावाडी थांबणार होता. पुलावरच्या चौकीवर कागद फक्त मुकादमाचे बघत, हमालांचं नुसतं रूप. मुकादमाला सगळं ठाऊक होतं. मावशीने मन घट्ट करून कोळसेवाल्या गिऱ्हाइकाची ठिगळाची विजार आणि सदरा गठ्ठ्यातून काढला, "हे दे त्याला" म्हणाली आणि खाली गेली.

भाच्याचे हात सवयीचे गुलाम, आणि भीतीने तर ते दुप्पट चालायला लागले. त्याने सदऱ्याच्या कॉलरला खळ दिली आणि विजारीला अशी धार काढली की तिच्यावर काकडी चिरावी.

भोंगा झाला. पाहुणा मागच्या दाराने गेला. मावशी वर आली ती खळीच्या भांड्यापाशीच थबकली.

"हे काय रे?"

"चुरगळलेली होती, मावशी..."

"इस्त्री केलीस? हमालाला?" तिचा आवाज खोल गेला. "अरे गाढवा, लग्नाला निघालाय का तो?"

भाच्याने खिडकीतून पाहिलं. मळकट पाठींच्या रांगेत एकच विजार, कोऱ्या पात्यासारखी. पाहुण्याच्या पुढे चार जण, आणि शिपाई एकेकाला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळत होता.

मावशीने कुंडातलं काळं पाणी बादलीत घेतलं आणि निघाली. धावली नाही. धावणारी बाई सगळ्यांना दिसते. रोज गटारीवर पाणी ओतायला जायची तशीच, एका अंगाला कलून. भाच्याला वाटलं, ही चालतच नाहीये. तीन जण उरले. दोन.

रांगेपाशी तिचा पाय अडखळला. बादली पाहुण्यावर उलटली आणि तो रस्त्याकडेच्या कोळशाच्या चुऱ्यात आडवा झाला.

"मेल्या, डोळे कुठे गहाण ठेवलेस? माझं पाणी सांडलंस!"

मावशीचा आवाज दोनशे पावलं सहज येतो. गटारीत ओतायच्या पाण्यासाठी भांडणारी बाई बघून हमाल हसले. पाहुण्याला एकच धडा पढवला होता, कोणी ओरडलं की मान खाली. त्याने ती घातली.

मग हसू विझलं. पाणी शिपायाच्या बुटावरही उडालं होतं. त्याने बंदूक खांद्यावरून उतरवली. भाच्याने चौकट घट्ट धरली. त्याच्या तोंडाला पितळ चाटल्यासारखी चव आली. अधिकाऱ्यांनाही रांगेत उभं करणारी मावशी गुडघ्यांवर बसली आणि कमरेच्या फडक्याने तो बूट पुसू लागली. एक झाला, मग न सांगता दुसरा. शिपाई बराच वेळ बघत राहिला. शेवटी कंटाळून त्याने कोळशाने माखलेल्या हमालाला पुसलेल्या बुटानेच ढकललं. चल, पुढे हो.

मावशी परतली तेव्हा रिकामी बादलीही तिला पेलवत नव्हती.

"इस्त्रीबहाद्दर," ती म्हणाली, "पाणी आण. प्यायचं."

चौथ्या दिवशी नावाड्याचे कपडे धुवायला आले. खिशात दोऱ्याचे तीन तुकडे होते, दोन हिरवे, एक लाल. कोळसेवाल्याची खूण. म्हणजे पाहुणा पोचला होता. आणि म्हणजे ती खूण काढायची भाचा विसरलाच होता. चौकीवर कोणी विजारीची कंबर उलटून पाहिली असती, तर ते तीन टाके शिपायांना थेट या दारात घेऊन आले असते. मावशीने दोरे चुलीत टाकले आणि पुढचा गठ्ठा भाच्याच्या पुढ्यात ठेवला.

शनिवारी कोळसेवाला हजर.

"ताई, माझी विजार?"

"डाग निघेनात."

"कोळशाची विजार ती! डाग काढले तर उरणार काय तिच्यात?"

"नवी शिवून देते."

"नवी नको. तीच अंगाला सवयीची आहे. हरवली तर नाही ना?"

मावशी कानापर्यंत लाल झाली. "माझ्याकडे काही हरवत नाही. या पुढच्या शनिवारी."

तो अजून येतो. त्याची हाक ऐकू आली की भाचा इस्त्री उचलतो आणि एकच चादर पुन्हापुन्हा दाबत बसतो.