सगळं पुसायचं का?

नवी पेठेतल्या त्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याचं नाव मी विचारलं नाही आणि आता विचारायची इच्छाही नाही. पीटीच्या मास्तरांच्या शिट्टीसारखा पेन ड्राइव्ह तो गळ्यात अडकवून बसायचा. कुणाचंही मशीन समोर आलं, की त्यावर थाप मारून म्हणायचा, "विंडोज म्हंजे कचरा! ती काढून लिनक्स टाकतो, कसं पळतंय बघा."

त्या दिवशी माझ्या आधी मंगळवेढ्याच्या एक बाई होत्या. वारलेल्या नवऱ्याचा रखडणारा लॅपटॉप घेऊन आलेल्या. "आतले ह्यांचे फोटो तेवढे ऱ्हाऊ द्या," असं त्यांनी दोनदा बजावलं.

"व्हय, व्हय," म्हणत त्याने पेन ड्राइव्ह खुपसला आणि त्यावरूनच लॅपटॉप सुरू केला. फोटो तेव्हाच बाजूला काढून ठेवता आले असते. पण साहेब मला लिनक्सची थोरवी सांगण्यात गुंग. सगळं पुसून टाकायचं का, असं पडद्यावर इंग्रजीत आलं. त्याने माझ्याकडे बघतच होकाराचं बटण दाबलं.

लॅपटॉप खरंच पळू लागला. बाईंनी विचारलं, "ह्यांचे फोटो कुटं हायत?"

तो चक्क हसला. "ताई, जुनं गेल्याबिगर नवं येतंय व्हय? स्पीड बघा की!"

बाई कोऱ्या पडद्यावरून नुसता हात फिरवत राहिल्या.

मी माझा लॅपटॉप पिशवीत घातला आणि पायरी उतरलो. मागून तो ओरडला, "अहो, निघाला कुटं? तुमचं बी लगेच करून देतो की!"