साठ हात दोर

आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, नजर काचबिंदूनं पुरती गेली, तेव्हा त्यांनी एकच हट्ट धरला. गाईकडे मी एकटा जाणार. घरापासून गोठ्यापर्यंत दोर बांधा, तो धरून जाईन.

आईला तर ते हवंच होतं. पाथर्डीकडे तिचा थोरला भाऊ अंथरुणाला खिळलेला. आबांना एकटं टाकून जायचं कसं, म्हणून ती रोज फोनवर "येते रे, येते" म्हणायची, आणि फोन ठेवला की उगीच भांडी घासत बसायची. मला तिच्याकडे बघवत नसे.

आबांनी एक कुजकं चऱ्हाट घरापासून गोठ्यापर्यंत ताणून घेतलं आणि स्वतः मोजलं. "साठ हात," म्हणाले. "नवा आण."

मी नागापूरच्या कारखान्यात मापं तपासायला असतो. केसाएवढा फरक मला चालत नाही. पारनेरच्या दुकानात दोर मीटरवर, भाव चौदा रुपये. हात म्हणजे दीड फूट, साठ हातांचे नव्वद फूट, मीटरला तीन फूट आणि वर साधारण सव्वातीन इंच. म्हणजे साडेसत्तावीस मीटर, तीनशे पंच्याऐंशी रुपये. दुकानदारानं यंत्रावर आकडे दाबायच्या आत मी पैसे काढून ठेवले होते. हुशारी अंगात आली होती.

घरी येऊन खुंट्या ठोकून दोर बांधला, तर गोठ्याशी हे एवढं वेटोळं उरलं! पंधरा फूट तरी असेल. मी आबांवरच चिडलो. "आबा, मोजताना चुकलात तुम्ही."

त्यांनी हात कोपरात वाकवून दाखवला. मूठ मिटलेली.

"दोर मोजायचा म्हंजे धरायचा न्हाई का? तुमच्या कारखान्यात बोटं पसरून धरत्यात व्हय?"

मी बोटांच्या टोकापर्यंतचा हात धरला होता आणि त्यांनी मुठीपर्यंतचा. आई तोंडाला पदर लावून हसत होती. लई दिवसांनी हसली.

कापलेला दोर दुकानदार काही परत घेणार नव्हता. मी उरलेला तोडायला कोयता घेतला, तर आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. फाटकापत्तुर पुरंल का बघ."

रस्त्याकडचं फाटक गोठ्याला लागूनच. पुरला. वर गाठीपुरता राहिला.

"फाटकापाशी तुमचं काय काम?" आईनं विचारलं. आबांनी गाठ ओढून बघितली.

पुढच्या आठवड्यात शेजारणीला जेवणाचं सांगून आई भावाकडे गेली. ती परत यायची त्या दिवशी मी गावीच होतो. दुपार कलल्यापासून आबा दोर धरून फाटकात उभे. एसटी थांबल्याचा आवाज आला.

"भेटला का गं?"

"भेटला. वळखलं मला," आई म्हणाली आणि तिथंच रडायला लागली.

आबांनी दोर सोडला आणि आवाजाच्या रोखानं चालत तिच्यापर्यंत गेले.