दुसऱ्याच्या अक्षरातला पंचनामा

ती शुक्रवारची दुपार माझ्या डोळ्यांसमोरून अजून हलत नाही. पोलीस अधिकारी आठवणी लिहायला बसला की गणवेशातल्या लिहितो. माझी ही हकिकत निवृत्तीनंतरची आहे. हद्द म्हणजे सौदीतल्या जेद्द्यातला दोन खोल्यांचा फ्लॅट, संशयित माझा स्वतःचा मुलगा आणि तपासाचं साधन एक कोरियन मालिका.

मुलगा तिथे एका बांधकाम कंपनीत सेफ्टी ऑफिसर होता, सून इस्पितळात नर्स. मी व्हिजिट व्हिसावर, म्हणजे काम शून्य आणि सल्ला अमाप. शुक्रवारी जेवणं उरकली की नातीसकट सगळे मिळून हिंदीत डब केलेली ती मालिका बघायचो. एका बड्या कंपनीच्या कारखान्यात अपघात होतो, कंपनीचा अध्यक्ष मंत्र्याला हाताशी धरून तो दाबतो आणि मेलेल्या कामगाराचा मुलगा वकील होऊन सूड घेतो. सूड झकास घेतो, पण माझा जीव कासावीस व्हायचा. पठ्ठ्या पुरावा कोटाच्या खिशातून काढतो आणि थेट न्यायाधीशापुढे ठेवतो! जप्ती नाही, पंच नाहीत, लाखेचं सील नाही.

"अहो आई, तो वकील आहे, हवालदार नाही," सून म्हणायची.

"म्हणून तर मोकाट फिरतोय," मी म्हणायचे.

त्या मालिकेत एक प्रसंग होता. सरकारी निरीक्षक कंपनीने आयता लिहून दिलेल्या खोट्या अहवालावर सही करतो. अशा मालिका महत्त्वाचा प्रसंग दर दोन भागांनी पुन्हा दाखवतात, त्याचाही मला वैताग. पण एक दिवस लक्षात आलं की तो प्रसंग आला की आमचा मुलगा पाणी प्यायला उठतो. एकदा उठला, तहान लागली असेल. दुसऱ्यांदा उठला, तेव्हा मी त्याच्या पाठीकडे बघितलं. तोंडाने खोटं बोलायला माणूस शिकतो, पण जागेवरून कधी उठायचं ते त्याच्या हातात राहत नाही. एवढी खबर मला पुरे होती.

पुढच्या शुक्रवारी मी त्याच्यासमोर पाण्याचा ग्लास भरून ठेवला आणि रिमोट स्वतःकडे घेतला. प्रसंग आला. संपला. मी मागे नेला, पुन्हा लावला.

"आजी, रिवाइंड मत करो ना!" नात ओरडली.

मी तिसऱ्यांदा लावला. मुलगा उठला.

"कुठे?"

"पाणी..."

"समोर आहे. बस."

तो बसला. चौकशीत 'काही लपवतोयस का' असं विचारायचं नसतं, समोरचा 'नाही' म्हणून मोकळा होतो. मी विचारलं, "कागद कुठला आहे?"

त्याने आधी बायकोकडे बघितलं, मग माझ्याकडे. नातीला आतल्या खोलीत पाठवलं आणि बोलायला लागला.

त्यांच्या साइटवर गुहागरकडचा एक रंगारी तिसऱ्या मजल्याच्या परांचीवरून पडला होता. कणा दुखावला, ऑपरेशन व्हायचं होतं. सेफ्टी बेल्ट त्याने आपणहून काढून ठेवला होता, असा अहवाल कंपनीने तयार केला होता. खरं म्हणजे बेल्ट त्या आठवड्यात साइटवर नव्हतेच. दुसऱ्या साइटवर तपासणी होती, तिकडे दाखवायला नेले होते. अहवालावर सेफ्टी ऑफिसरची सही झाली की चूक रंगाऱ्याची ठरणार. मग कंपनीच्या खर्चाचं ऑपरेशन खलास, स्ट्रेचरवर घालून त्याला घरी धाडणार.

"आणि तू सही करणारेस?"

"आई, माझा इकामा, इथे राहायचा परवाना, रिन्यू व्हायचाय. सौदीकरण चालू आहे, प्रत्येक पोस्टवर इथला माणूस बसवायचाय. त्यांना माझ्यासाठी निमित्तच हवंय. हे सीरियल नाही."

"सीरियल नाही हे मला सांगतोस?" मी चिडले आणि त्याला माझा पहिला गुन्हा सांगितला, जो मी तोवर घरात कोणालाही सांगितला नव्हता.

खांद्यावरचे दोन तारे नवे कोरे होते. रोज रात्री मी ते पितळेच्या पॉलिशने घासायचे, जणू त्यांच्या उजेडात गुन्हेगार दिसणार होते. रायगडातल्या एका रासायनिक कारखान्यात आग लागून कामगार मेला. माझा लेखनिक हवालदार रजेवर होता. कंपनीचे अधिकारी अदबीने म्हणाले, "मॅडम, तुम्ही फक्त सांगा, आमचे क्लार्क लिहितील. त्यांचं अक्षर मोत्यासारखं आहे." मी बाई काखेत छडी धरून येरझाऱ्या घालत पंचनामा सांगितला. पंच दोघेही कंपनीच्या कँटीनमधले. मधेच मंत्र्यांच्या बंगल्यावरून फोन, "नव्या मॅडमचं काम उत्तम आहे असं ऐकलं." मी फुगले आणि न वाचता सही ठोकली. मागच्या दाराला बाहेरून कुलूप होतं, हे वाक्य मी सांगितलं होतं. कागदावर ते आलंच नव्हतं. कोर्टात कंपनीच्या वकिलाने विचारलं, "बाई, सही आपलीच ना?" मागच्या बाकावर मेलेल्याची बायको बसली होती. कंपनी सुटली. आमचे साहेब पंचनामा चाळून एवढंच म्हणाले, "अक्षर मात्र सुरेख आहे हो."

मुलगा उठला. मग लॅपटॉपच्या बॅगेतून अहवाल काढून त्याने माझ्यापुढे ठेवला. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे अरबी. सहीच्या जागी पेन्सिलीची फुली.

"अरबीत काय आहे?"

"तेच असणार."

"असणार? वाचलंस?"

"मला कुठे येतं वाचायला!"

कपाळावर हात मारून घेतला मी. माझ्याच पोटचा. एवढी वर्षं गेली, देश बदलला, तरी खानदानाची अक्कल तीच.

सुनेला इस्पितळातले फॉर्म वाचून वाचून अरबी येत होती. ती बोट ठेवून सावकाश वाचत गेली. एका ओळीवर बोट थांबलं. ती ओळ तिने दोनदा वाचली.

"अहो, इथे तुमचं नाव आहे. बेल्ट सेफ्टी ऑफिसरच्या ताब्यात दिले होते, त्याने वाटले नाहीत, असं लिहिलंय."

इंग्रजीत हे वाक्य नव्हतं आणि तिथल्या कोर्टात अरबीच धरतात. रंगारी एकटा अडकत होता तोवर आमच्या चिरंजीवांना नुसती तहान लागत होती. स्वतःची मान अडकलेली दिसली तशी त्यांनी लगेच बाहेर पडायला चप्पल शोधली. मला राग आला. पण मी तरी शहाणी कधी झाले? माझी बढती अडली तेव्हा. त्या बाईचा चेहरा बघून नाही.

त्याने सही केली नाही. बेल्ट कोणाच्या हुकमाने कुठे गेले, हे स्वतःच्या हाताने लिहिलं, सुनेकडून अरबी करून घेतलं आणि एक प्रत इस्पितळात रंगाऱ्याच्या उशाशी नेऊन दिली. प्रत बाहेर गेल्यावर कंपनीला रंगाऱ्याला उचलून पाठवता येईना. ऑपरेशन झालं. तो आता काठी घेऊन चालतो.

मुलाची पोस्ट महिन्याभरात तिथल्या माणसाला मिळाली. कायदेशीर, चोख. मालकाचं काही वाकडं झालं नाही. अध्यक्षाला बेड्या पडल्या त्या मालिकेत. शेवटचा भाग आम्ही सामान बांधताना बघितला. सून डोळे पुसत होती आणि मी ओरडत होते, "अरे, पंच कुठायत?"

एका वकिलामुळे कंपनी कोसळताना मी सबंध नोकरीत पाहिली नाही. सहीपाशी थांबलेल्या एका माणसामुळे दुसरा माणूस वाचतो, एवढंच पाहिलं, तेही निवृत्तीनंतर.

परतीच्या आदल्या दिवशी मुलगा आणि सून कंपनीत शेवटच्या कागदांवर सही करायला गेले. मी खाली गाडीत. तासभर झाला तरी दोघांचा पत्ता नाही, वर भूक लागलेली. वैतागून फोन केला. मागून कोणीतरी "यल्ला, यल्ला" म्हणत घाई करत होतं.

"आई, थांब गं," मुलगा म्हणाला. "अजून दुसऱ्याच पानावर आहोत."

मी सीट मागे केली आणि थांबले.