सहा टक्के वोडका

ओरेस्ट पिदलुब्नीने दारू सोडली आणि विनिपेगच्या आमच्या उत्तर भागाचं भलंमोठं नुकसान झालं. बसडेपोतला निवृत्त मिस्त्री, डॉक्टरने यकृताची भीती घातल्यापासून सोवळ्यात गेलेला. अशा माणसाबद्दल बोलणार काय, कपाळ! सात वर्षं त्याच्या नावावर एक धड भानगड नाही.

म्हणून ऑगस्टमधल्या एका सकाळी त्याच्या गॅरेजातून वोडकाचा वास येतोय ही बातमी फुटली, तेव्हा आमच्या युक्रेनी चर्चच्या तळघरात बटाट्याच्या सारणाच्या वारेनिकी वळणाऱ्या बायकांचे हात जागच्या जागी थांबले. त्यांच्यातच त्याची बायको दार्या होती. पिठाने माखलेल्या हातांनीच ती तरातरा घरी निघाली. मागून कुणीतरी "लाटणं राहिलं गं!" म्हणालं. कोण ते मी सांगणार नाही, तिचा नवरा अजून हयात आहे.

दार्याने गॅरेजचं दार ढकललं. "सात वर्षं, ओरेस्ट! आणि पोरीचं लग्न तीन आठवड्यांवर!"

"अगं, पीत नाहीये. मोजतोय."

खरंच मोजत होता. समोर सोनाराकडे असतो तसला नाजूक काटा, बिनसुईच्या सिरिंजा, ग्लिसरीनचा कॅन आणि अंगठ्याएवढी एक बाटली. सिगारेट सोडताना त्याने व्हेप धरली होती. दुकानातलं लिक्विड त्याला गोड काढ्यासारखं लागे, म्हणून तो आपलं आपणच मिसळी. स्ट्रॉबेरी झाली, कॉफी झाली, एकदा बीटसुद्धा झालं (त्यानंतर आठवडाभर त्याला अंगणात झोपवलं होतं). आज टपालाने वोडकाचा अर्क आला होता, आणि एकसष्ट वर्षांचा हा बाप्या नव्या खेळण्यापुढच्या पोरासारखा थरथरत होता.

दार्याने चष्मा लावून बाटलीवरचं अक्षर न् अक्षर वाचलं. दारू नव्हती, नुसती चव होती. "पण कशाला हे?"

"दारातल्या घोटासाठी."

दार्याने चष्मा उतरवला. थोरलीच्या लग्नात हॉलच्या दारात पाव-मीठ घेऊन जोडप्याला सामोरं जाताना दोन्ही बापांनी वोडकाचा एकेक घोट घ्यायची रीत, तर ओरेस्टने सफरचंदाचा रस उचलला होता. पाहुण्यांतून त्याचा लंगोटीयार मेट्रो ओरडला होता, "साखर घालू का रे, बाळा?" तीनशे माणसं हसली. आणि आता धाकटी लारिसा नेमकी त्याच मेट्रोच्या घरात पडत होती! व्याही म्हणून मेट्रो शेजारीच उभा राहणार, हातात काठोकाठ भरलेला ग्लास घेऊन. ओरेस्टला थेंबही नको होता. पण त्या दारात पुन्हा बाळ व्हायचं नव्हतं.

"मग मोज," दार्या म्हणाली. "नीट मोज."

दोन टक्के अर्काला काहीच लागेना. चार टक्क्यांना इंजेक्शनआधी दंडाला लावतात तसा बोळा. आठला नखांचा रंग काढायचं पाणी. दर झुरक्यानंतर नाक ताजं करायला कॉफीच्या बिया हुंगायच्या, व्हेपच्या कॉइलमधला कापूस बदलायचा, वहीत लिहायचं. सहावर घसा असा छान चरचरला, की ओरेस्टने टेबलावर थाप मारली आणि अर्धं ग्लिसरीन सांडलं. सहा! बाटली कपाटात अंधारात ठेवली. लोणच्यासारखं हेही मुरावं लागतं.

मेट्रोला कुणकुण लागणारच. दोन आठवड्यांनी तो आला, एक झुरका घेतला आणि खोऽखो हसला. "व्याही, हा तर माझ्या दातांच्या डॉक्टरचा हातमोजा! दारात हे काढलंस, तर लोक विचारतील कुणाची दाढ काढली?"

तो गेल्यावर ओरेस्टने पुन्हा ओढून पाहिलं. घसा चरचरत होता, वास होता, सगळं होतं. वोडका तेवढी नव्हती. लग्न शनिवारी, आणि आज बुधवार.

गुरुवारी दार्याची नस्तिया मावशी लग्नाचा पाव, कोरोवाय, भाजायला आली. वय चौऱ्याऐंशी, त्यातली तीस वर्षं राय धान्याच्या काळ्या पावाच्या भट्टीवर. ओरेस्टचं तोंड पाहून ती काठी टेकत गॅरेजात गेली. त्याने धूर सोडला, तिने नाक वर करून हवा हुंगली.

"बरी आहे की! पाव कुठाय?"

"पाव? मावशी, ही ओढायची आहे."

"गाढवा! तुझ्या बापाने जन्मात कधी पावाशिवाय वोडका घेतली? घोट घ्यायचा, आणि काळ्या पावाचा तुकडा असा नाकाशी धरायचा. चव तिथे असते. सात वर्षांत अक्कल पण सोडलीस वाटतं." तिने झोळीतून पावाचा तुकडा काढला. "ओढ. आता हुंग."

त्याने ओढलं. हुंगलं. आणि ओरेस्ट पिदलुब्नी गॅरेजात उडी मारून नाचला! "आली! मावशी, आली! डेपोतला नाताळ आला, बाबा आले, सगळे आले!" म्हातारीला त्याने उचलून फिरवलं, तिने त्याच्या डोक्यात काठी घातली, दार्या दारात उभी राहून हसून हसून रडत होती.

"कोरोवाय मात्र गोड, अंड्यांची," मावशी पदर सावरावा तसा डोक्यावरचा रुमाल सावरत म्हणाली. "ती हुंगून भागायचं नाही. बघते मी."

शनिवारी हॉलच्या पायरीवर ओरेस्टने भरतकामाच्या कापडावर कोरोवाय धरली. लारिसा आणि तिचा नवरा समोर, पाहुणे मागे रेटारेटी करत. मेट्रोने ग्लास उंचावला. "व्याही, तुझा रस कुठाय?"

ओरेस्टने कोरोवाय कापडासकट दार्याच्या हाती दिली, खिशातून व्हेप काढली, लांब झुरका घेतला, "बुद्मो!" अशी घोट घेतानाची आरोळी ठोकली आणि कापडाच्या घडीतून मावशीने दडवलेला काळा तुकडा काढून नाकाशी धरला. डोळे मिटले. चेहऱ्यावर असं काही पसरलं, की गर्दी आपोआप "बुद्मो!" गरजली.

मेट्रोनेही ग्लास एका दमात रिकामा केला. मग त्याचा हात सवयीने बाजूला गेला. तिथे काहीच नव्हतं. डोळ्यांत पाणी, मिशा थरथरताहेत, घशात आग.

"पाव... अरे, इकडे दे तो पाव!"

ओरेस्टने तुकडा नाकापासून दूर न करता, अगदी मायेने विचारलं,

"साखर घालू का रे, बाळा?"