पप्पांचा उजवा हात

अर्धांगवायूचा झटका येऊन दीड महिना झाला तरी पप्पा प्रार्थनेला बसेनात, म्हणून मी त्यांच्यावर भयंकर चिडले. पोटात भीती होती म्हणून चिडले होते, हे आज कळतं. तेव्हा नुसतीच चिडले.

आम्ही उरणकडचे ख्रिस्ती कोळी. पप्पा तीस वर्षं मासेमारीच्या बोटीवर तांडेल होते. धक्क्यावरून बोट सुटताना सुकाणूवरचा उजवा हात उचलून ते क्रुसाची खूण करत: कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा. मग खलाशी, त्यांतले निम्मे हिंदू, आपापल्या देवाचं नाव घेत. घरीही तेच. ताटावर बसताना खूण, चहाचा कप उचलताना खूण. पप्पा चहासुद्धा देवाला विचारून पितात, म्हणून मी त्यांना चिडवायचे.

झटक्यानंतर बोलणं बऱ्यापैकी परत आलं. पाय ओढत का होईना, चालायला लागले. उजवा हात मात्र मांडीवर पडून राहिला. डाव्या हाताने, चमच्याने जेवायचे, पण आई जेवणाआधीची प्रार्थना म्हणू लागली की खिडकीबाहेर बघायचे. रविवारी चर्चमध्ये मिस्साला जायला मी रिक्षा बोलावली तर म्हणाले, तुमी जा. पुढच्या आठवड्यात फादर घरी ख्रिस्तप्रसाद घेऊन आले, तेव्हा चक्क झोपेचं सोंग घेतलं. फादर गेल्यावर माझा पारा चढला.

"पप्पा, हे काय चाललंय? डाव्या हाताने करा की खूण."

"डाव्या हातानं नाय करायची."

"देव हात बघत नाय. मन बघतो."

एकेक शब्द शोधत ते म्हणाले, "माजं मन त्याच हातात व्हतं."

मी आपली उठून भांडी घासायला गेले.

न्हावा शेवाला कंटेनरच्या कचेरीत मी कामाला जाते. बसमध्ये खिडकीशी बसून मनातल्या मनात दोन वाक्यं पुटपुटते, तेवढ्यावर माझी प्रार्थना होते. पप्पांचं तसं कधीच नव्हतं. हात उठल्याशिवाय त्यांच्या तोंडात शब्दच येत नसत. आणि देव माणसाचं शरीर घेऊन आला, शेवटच्या दिवशी मेलेलं शरीरही पुन्हा उठेल, हे मी लहानपणापासून दर रविवारी चर्चमध्ये घडाघडा म्हणत आले होते. म्हणजे हाडामांसालाही देवाकडे जागा आहे. घरातला एक हात मेल्यागत पडला, तेव्हा मात्र मी बापाला सांगितलं की देवाला त्या हाताचं काही नाही. माझी मलाच लाज वाटली.

व्यायाम करून घ्यायला आठवड्यातून तीनदा अलिबागची एक मुलगी यायची. पप्पा तिलाही दाद देत नसत. एका शनिवारी मी घरी होते. ती सांगत होती, "काका, डाव्या हाताने उजवं मनगट धरा. आता वर, कपाळापर्यंत. हळू."

मी मध्येच तोंड घातलं. "मग छातीला लावून खांद्यांना लावला तर चालेल? आधी डावा, मग उजवा?"

"चालेल की. सांधे मोकळेच होतील."

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली घातली. त्यांनी मनगट धरलं. कपाळ झालं, छाती झाली, डावा खांदाही झाला. उजव्या खांद्याशी कोपर ताठलं ते वळेचना. कानशिलांवरून घाम निथळायला लागला.

"पुरे काका, बाकीचं सोमवारी करू," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली. हात खांद्यापर्यंत जात नव्हता, म्हणून खुर्चीत वाकून, तोंड वेडंवाकडं करत त्यांनी खांदाच हाताकडे आणला. बोटं टेकली.

"छान," मुलगी म्हणाली. तिला काय ठाऊक? "आता असंच अजून नऊ वेळा."

दुसऱ्या खेपेला त्यांचे ओठ हलले. तिसऱ्या खेपेला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने, हे सगळं अडखळत, पण मोठ्याने बाहेर आलं. स्वयंपाकघरात भाकरी थापण्याचा आवाज थांबला, आणि तिथूनच आई म्हणाली, "आमेन."